पट्टीवरचा मधला चार

ऑरिन टिपेट बसखालून बाहेर आला की एक नंबर सांगायचा, आणि तो नंबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अकरा वर्षं असंच चाललं होतं. दर जानेवारीत ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात जुन्या बसगाड्यांचा मेळावा भरायचा. लांब पल्ल्याच्या गाड्या, कंपन्यांनी वीस-वीस वर्षं पिळून काढलेल्या आणि मग मोडीत काढलेल्या. निवृत्त माणसं त्या विकत घ्यायची, आत पलंग, शेगडी, न्हाणीघर बसवायची आणि घर घेऊन देशभर हिंडायची. आतून बघाल तर लग्नघरासारखी सजवलेली गाडी, पण खाली गिअरबॉक्स कुठला आहे हे विचारा, मालक डोकं खाजवणार. गाडी चार हातांतून आलेली, कागद कुठल्या कुठे गेलेले. मधल्या कुठल्यातरी मालकाने स्वस्तात मिळाला म्हणून दुसराच डबा ठोकून दिलेला. आणि तेल कुठलं घालायचं, सुटे भाग कुठले मागवायचे, घाट उतरताना कशावर भरवसा ठेवायचा, हे सगळं तर त्या एका नंबरावर.

म्हणून सकाळची कॉफी झाली की नव्याने आलेल्या गाडीभोवती घडीच्या खुर्च्या पडायच्या. ऑरिन पुठ्ठा अंथरून खाली सरकायचा. बाहेर यायचा, नंबर सांगायचा आणि सामानाच्या कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला जाड पिवळ्या पेनाने तो लिहायचा. खाली आपली दोन अक्षरं टाकायचा, ओ. टी. ती दोन अक्षरं दिसली की कुठल्याही गावचा मेकॅनिक पुन्हा खाली वाकत नसे. तीस वर्षं एका बसकंपनीच्या गॅरेजात ऑरिनने हेच केलं होतं. त्याची तेवढी पत होती.

पण दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली होती, आणि ती त्याच्या बायकोशिवाय, इमोजीनशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. ऑरिनच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरला होता. कडेकडेचं दिसायचं. टेबलाचा कोपरा, दाराची चौकट, बाजूने जाणारं माणूस. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच गायब. डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. त्याच आठवड्यात मुलीने एका वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक पाठवलं होतं. इमोजीनने ते वाचून दाखवलं आणि ऑरिनने तिच्या हातातून घेऊन शेगडीत टाकलं.

तेव्हापासून दोघांनी मिळून हे नाटक उभं केलं होतं. माणसं तो आवाजावरून ओळखायचा. वाटेत खड्डा आला की इमोजीन त्याचा दंड दाबायची. गाडीसुद्धा तोच चालवायचा! ती पुढच्या सीटवर बसून रेघ सांगायची, "थोडं डावीकडे. आता सरळ. पुढे ट्रक आहे, हळू." मिसुरीपासून इथपर्यंत पाच दिवस असे काढले होते त्यांनी. कोणी म्हणेल, हा निव्वळ वेडेपणा. वेडेपणाच तो, दुसरा शब्दच नाही. पण परवाना गेला की गाडी गेली, गाडी गेली की मेळावा गेला, आणि मग त्या पत्रकातली खोली. त्या भीतीपुढे दोघांचीही अक्कल चालेनाशी झाली होती.

नंबर ओळखायचीही त्यांची एक रीत होती. गिअरबॉक्सच्या अंगाला धातूची पट्टी असते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. ऑरिन तो आधी बोटाने चाचपायचा. मग पट्टीवर कागद धरून पेन्सिल घासायचा, की अक्षरं कागदावर उमटतात. तो कागद खिशात घालून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "हात धुऊन येतो." आपल्या गाडीत इमोजीन कागद वाचायची. मग साबणाचा वास येणाऱ्या हातांनी परत येऊन तो ऐटीत नंबर सांगायचा. दोन वर्षांत एकदाही चूक नाही.

त्या बुधवारी पाळी होती डॅरेन प्रुइटच्या गाडीची. डॅरेन चौतिशीचा, बायको शॉना, दोन लहान मुली. नेवाडातल्या एका शेतकऱ्याकडून सहा आठवड्यांपूर्वी गाडी घेतलेली. घाटाखाली नदीकाठच्या गावात बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात त्याला काम लागलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. वाटेत मेळावा लागला म्हणून दोन दिवस थांबले होते.

"मिस्टर टिपेट, मला एवढंच कळलं तर फार उपकार होतील," डॅरेन म्हणाला. "दुपारी आम्ही पेडलर घाट उतरणार. नऊ मैल सरळ उतार आहे म्हणतात. हे डबडं मी आजवर सपाटीवरच चालवलंय."

"त्यात काय एवढं," ऑरिन म्हणाला. "आत्ता सांगतो."

तेवढ्यात धाकटी मुलगी पुढे आली आणि त्याच्यासमोर कागद धरून उभी राहिली. ऑरिनला तिची फक्त वेणी दिसली, तीही डोळ्याच्या कडेने.

"वा!" तो म्हणाला. "काय झकास बस काढलीस गं!"

"बस नाहीये ती," मुलगी म्हणाली. "आमचा कुत्रा आहे."

डॅरेन हसला. ऑरिनही हसला आणि घाईने पुठ्ठा उचलायला वाकला.

"अरे, थांब थांब," मागून नुकत्याच येऊन पोचलेल्या मर्ल ग्रोबरचा आवाज आला. मर्ल म्हणजे मेळाव्याचा कारभारी, आणि तोंडाने एक नंबरचा फाटका. कोणाची नक्कल करेल आणि कोणाला बनवेल याचा नेम नाही. ऑरिनचा घोगरा आवाज तर तो असा काढायचा की इमोजीनसुद्धा एकदा फसली होती. आदल्या दिवशीच त्याने रेडिओवरून डॅरेनला "तुझं मागचं चाक निखळतंय" असं सांगून धावत बाहेर काढलं होतं. "माझ्याकडे नवा कॅमेरा आहे. हात खाली घालू, पट्टीचा फोटो काढू, मोठा करून वाचू. म्हाताऱ्याला कशाला मातीत लोळवायचं?"

"मग मला बोलावलंत कशाला?" ऑरिन कडाडला. "कॅमेऱ्यालाच विचारा ना. मी आपला जाऊन झोपतो."

"चिडतोस काय रे? जा बाबा, शीर खाली."

ऑरिन खाली गेला. खाली गेलं की त्याला बरं वाटायचं. तिथं अंधार सगळ्यांनाच सारखा. तेलाचा वास, थंड लोखंड, आणि हातांना तोंडपाठ असलेली वाट. आडव्या तुळईवर बोट फिरवताना त्याला एक जाड, वेडंवाकडं जोडकाम लागलं आणि त्याचा जीव एकदम हलका झाला. हे जोडकाम त्यांच्याच गॅरेजातलं होतं. एका साली आलेल्या सगळ्या गाड्यांची तुळई तडकायची, आणि ती अशीच ठिगळ लावून जोडायची हे त्यांच्या फोरमनचं फर्मान होतं. म्हणजे ही आपलीच गाडी! आणि त्या तुकडीतल्या एकूण एक गाडीला सातशेचाळीस नंबरचा डबा होता. मोठा, दणकट. त्यातले निम्मे तर त्याने स्वतःच्या हातांनी चढवले होते.

पट्टी सापडली. पण तिच्यावर कोणीतरी रंगाचे थरावर थर दिले होते. बोटाखाली पहिला आकडा भरून गेलेला, शेवटचाही भरलेला. मधला तेवढा लागला. चार. सात, चार, शून्य. बरोबर.

कागद धरून त्याने पेन्सिल घासली, बोटाला न लागणाऱ्या पुसट रेघाही त्यात उतरतात. तेवढ्यात त्याचा डावा हात डबा आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधल्या फटीत सहज आत गेला, पार मनगटापर्यंत. सातशेचाळीसच्या बाजूला हात घातला की बोटांची सालं निघतात. तीस वर्षं निघाली होती. ऑरिन क्षणभर थबकला. मग त्याने स्वतःला सांगितलं, म्हातारपणात हात वाळलेत आपले.

नेमकं तिथंच चुकलं. डोळे नव्हते, ठीक आहे, पण हात खरं सांगत होता आणि त्याने हाताचं ऐकलं नाही.

तो बाहेर आला, कपडे झटकले. "हात धुऊन येतो," म्हणाला.

"ते काही नाही!" मर्ल खुर्चीतून उठून आडवा आला. "आधी नंबर, मग हात. दरवेळी हात धुतल्यावरच कसा रे आठवतो तुला? आत काय, पुस्तक दडवून ठेवलंयस? का इमोजीन उत्तरं सांगते?"

खुर्च्यांमधून हशा पिकला. मर्लच्या मनात तसं काहीच नव्हतं, त्याची ती सवयच. पण ऑरिनला ती थट्टा वाटली नाही. सगळे बघतायत. आता हात धुवायला गेलो तर उद्या हाच प्रश्न थट्टेत नाही, खरोखर विचारतील. इमोजीन त्यांच्या गाडीच्या पायरीवर उभी होती, पन्नास पावलांवर. तिला हाक मारायची सोय नव्हती.

"सातशेचाळीस," तो म्हणाला. "माझ्याच गॅरेजातली गाडी आहे. आणखी काही विचारायचंय?"

टाळ्या पडल्या. ऑरिनने कप्प्याच्या दारावर पिवळा नंबर लिहिला, खाली आपली दोन अक्षरं टाकली आणि डॅरेनला बाजूला घेतलं.

"ऐक नीट. मोठा डबा आहे, नशीबवान आहेस. याला दुसऱ्या गिअरपासूनच कुलूप बसतं, म्हणजे इंजिन आणि चाकं एकमेकांना धरून राहतात. घाटाच्या तोंडाशी दुसऱ्यात टाक, इंजिन ब्रेकचं बटण दाब, आणि पायाने ब्रेक दाबत बसू नकोस. इंजिनच तुला मागे ओढून धरेल. आरामात उतरशील."

"समजा लहान डबा असता तर?"

"लहान असता तर त्याला तिसऱ्यापासून कुलूप. दुसऱ्यात टाकलं की इंजिन नुसतं गुरगुरत बसतं आणि गाडी आपली सुटते. मग ब्रेक तापतात, आणि तापले की संपलं. पण तुला ती काळजी नाही."

डॅरेनने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "देव भेटल्यासारखं झालं, मिस्टर टिपेट."

ऑरिन आपल्या गाडीत आला. त्याने हात धुतले, दोनदा धुतले. कागद खिशातच होता. इमोजीनने विचारलं, "दाखव की, काय आलंय?" तर म्हणाला, "गरज नाही पडली. आपल्याच गॅरेजातली गाडी निघाली." एवढं बोलून तो आडवा झाला. झोप मात्र आली नाही. डाव्या हाताची बोटं तो उजव्या हाताने पुन्हा पुन्हा चाचपत होता. कुठेही सालपट निघालं नव्हतं.

जेवणात राजम्याची चिली आणि मक्याचा पाव होता. ऑरिनने चमचा नुसताच ढवळला. बाराच्या सुमाराला प्रुइटांची गाडी निघाली. निघणाऱ्या गाडीने हवेचा भोंगा वाजवायचा आणि उरलेल्या सगळ्यांनी आपापला वाजवून उत्तर द्यायचं, ही मेळाव्याची रीत. सगळं वाळवंट दणाणलं. ऑरिनने भोंगा वाजवला नाही. इमोजीनने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि त्याचा मळका शर्ट धुवायला घेतला.

"ऑरिन," थोड्या वेळाने ती म्हणाली, "खिशात हा कागद राहिलाय. सहा, चार, तीन. हा कुठल्या गाडीचा?"

ऑरिन उठून बसला.

"काय म्हणालीस?"

"सहा. चार. तीन."

"पहिला सात आहे. नीट बघ."

"सहा आहे रे. पोट आहे त्याला. चष्मा लावलाय मी."

सहाशेत्रेचाळीस. लहान डबा. मधला चार दोन्हींत सारखाच. कोण्या दीडशहाण्याने शाळेच्या बसमधला काढून त्या अवजड गाडीला बसवला होता. आणि ऑरिनने त्या पोराला सांगितलं होतं, दुसऱ्यात टाक, ब्रेकला पाय लावू नकोस.

"अरे देवा," ऑरिन म्हणाला. "मुली आहेत गं त्या गाडीत."

इमोजीनने घड्याळाकडे बघितलं. निघून त्यांना पाऊण तास झाला होता. चौफुलीवर डिझेल घ्यायचं म्हणत होते. घाट तिथून पुढे पाच मैल. फोन त्या वाळवंटात कोणाचाच लागत नव्हता. राहिला रेडिओ. गाड्यागाड्यांत असतो तो ट्रकवाल्यांचा रेडिओ यांच्याकडेही होता, पण त्याचा आवाज फार तर तीन-चार मैल जाणार. लांब पोचणारा, उंच खांबावरचा एकच होता. मर्लच्या गाडीत.

"मी जाते," इमोजीन म्हणाली. "सांगते, ऑरिनने पुन्हा विचार केला म्हणून. तू इथंच थांब."

"नको. मी येतो."

रस्ता दीडशे पावलांचा. तिने दंड धरला, तो धावल्यासारखा चालला. डोळ्यांच्या कडांनी खुर्च्या, छत्र्या, कुत्री मागे पडत होती, आणि समोर नेहमीचाच तो राखाडी डाग.

"मर्ल! डॅरेनला बोलव. घाट उतरू नको म्हणावं. गिअरबॉक्स लहान आहे."

"लहान?" मर्लच्या तोंडात घास होता. "अरे, सकाळी तर तू..."

"बोलव म्हटलं ना!"

मर्लने पहिल्यांदाच काही न बोलता ऐकलं. खरखर झाली, मग डॅरेनचा आवाज आला, तुटक, पण स्पष्ट.

"हां, बोला मर्ल. आत्ताच वर पोचलो. समोर घाटच आहे."

"डॅरेन, थांब तिथंच. उतरू नकोस. तुझा डबा सातशेचाळीस नाही."

पलीकडे हसणं ऐकू आलं. "झालं का सुरू तुमचं! काल चाक निखळलं होतं, आज गिअरबॉक्स. पुरे करा हो."

"थट्टा नाही रे! आईची शपथ!"

"कालही आईचीच घेतली होतीत."

ऑरिनने मर्लच्या हातातून माइक ओढून घेतला. "डॅरेन, मी ऑरिन बोलतोय. तो सहाशेत्रेचाळीस आहे. दुसऱ्यात टाकू नकोस. ऐकतोयस का?"

"आवाज मस्त काढता हं, मर्ल. काल शेकोटीशी काढलात त्याहून भारी."

"अरे, मर्ल नाही! मीच आहे. माझं वाचण्यात चुकलं."

"मिस्टर टिपेटचं? वाचण्यात?" डॅरेन अजून हसतच होता. "दारावर सही आहे त्यांची. शॉना म्हणते, तुम्हाला नमस्कार सांगा. चला, दुसऱ्यात टाकलाय. निघालो."

मागे इंजिनाचा आवाज बदललेला ऑरिनने ऐकला. कान तर शाबूत होते. इंजिन नुसतंच गुरगुरत होतं, कशालाच धरत नव्हतं.

मर्लच्या रेडिओचा एक कर्णा बाहेर मांडवाखाली टांगलेला असायचा, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. बाहेर जेवणारी तीस-चाळीस माणसं गप्प झाली होती. चमच्यांचा आवाजही थांबला होता. ऑरिनला ते कळलं. आता जे बोलू ते सगळ्यांच्या कानांवर जाणार, हेही कळलं. इमोजीनचा हात त्याच्या दंडावर होता. तिने तो दाबला नाही आणि काढलाही नाही. फक्त ठेवला.

"डॅरेन," तो म्हणाला. "सकाळी तुझ्या धाकटीने मला चित्र दाखवलं. मी म्हणालो बस. तो कुत्रा होता. मर्ल तेव्हा तिथं नव्हता, त्याला हे माहीत नाही."

पलीकडे नुसती खरखर.

"मी बस म्हणालो, कारण मला तो कागदच दिसला नाही. तुझ्या पोरींचे चेहरे मला ठाऊक नाहीत. तुझाही नाही. पट्टी मी वाचलीच नाही, मला वाचताच येत नाही. मी आंधळा झालोय, डॅरेन. दोन वर्षं झाली. बोटाला मधला एक चार लागला आणि बाकीचं मी ठोकून दिलं. माझी सही खोटी आहे. पोरींची शपथ नको घालायला लावूस. थांब बाबा, पाया पडतो तुझ्या, थांब!"

मग डॅरेनचा आवाज आला, आणि त्यात हसू नव्हतं.

"वेग वाढतोय. इंजिन धरतच नाहीये."

"घाबरू नकोस. ब्रेक एकदाच, जोरात दाब. वेग पस्तीसच्या खाली आण. आला? आता तिसऱ्यात टाक. तिसऱ्यात! कुलूप बसलं की गाडीला हिसका बसेल. बसला का?"

"... बसला. बसला."

"इंजिनचा आवाज जड झाला?"

"झाला."

"आता नीट बघ. उजव्या हाताला एक रुंद, खडीची जागा येईल. ट्रकवाले ब्रेक बघायला थांबतात ती. पांढरी पाटी आहे. तिच्या आधी पुन्हा एकदा जोरात ब्रेक, आणि आत घे. ती चुकली तर पुढे आठ मैल काही नाही."

"पाटी दिसली."

"घे. आत घे."

खडीचा आवाज आला, लांबलचक. शॉना काहीतरी ओरडली. एक मुलगी रडायला लागली. मग हवेचा तो सुस्कारा, हातब्रेक ओढल्यावर येतो तो. ऑरिनने तो आवाज आयुष्यात लाखदा ऐकला असेल, पण त्या दिवशी तो आधाराला काही मिळतंय का हे हाताने चाचपू लागला. मर्लने त्याच्याखाली स्टूल सरकवलं.

"थांबलोय," डॅरेन म्हणाला. "चाकांतून धूर येतोय. पोरी खाली उतरल्यात. सगळे ठीक आहेत." आणि मग, "मिस्टर टिपेट, शॉनाला तुमच्याशी बोलायचंय."

"दे."

शॉनाचा आवाज अगदी हळू होता. "तुम्ही आमच्या गाडीवर सही केलीत," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं."

रेडिओ बंद झाला. ऑरिनने माइक टेबलावर ठेवला, पण टेबलाची कड चुकली आणि तो वायरीला लोंबकळत राहिला. उचलायला कोणी पुढे आलं नाही. बाहेर मांडवाखाली एकही आवाज नव्हता. अकरा वर्षं टाळ्या वाजवणारी माणसं होती ती. कोणी शिव्या दिल्या असत्या तरी ऑरिनला चाललं असतं.

"दोन पिकअप घेऊन पोरं पाठवतो मी," शेवटी मर्ल म्हणाला. "गाडी ओढून आणू. मग कॅमेऱ्याने..." आणि तो मध्येच थांबला. पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजात मस्करीचा लवलेश नव्हता. ऑरिनने हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. अनोळखी माणसाचा वाटावा असा. "ऑरिन, मिसुरीहून इथवर गाडी कोणी चालवली?"



"त्यानेच," इमोजीन म्हणाली. "मी रेघ सांगत होते."

"पाच दिवस?"

"पाच दिवस. गेल्या वर्षीही. माझीही चूक आहे, मर्ल. त्याच्या एकट्याची नाही."

"वाटेत शाळा लागल्या असतील," मर्ल म्हणाला. "सुटायच्या वेळी."

इमोजीन रडायला लागली. दोन वर्षांत ती रडली नव्हती. ऑरिनला तिच्याकडे बघायचं होतं, म्हणून त्याने मान थोडी तिरकी केली. डोळ्याच्या कडेत तिचा खांदा आला, हलणारा.

"किल्ल्या दे, ऑरिन," मर्ल म्हणाला.

ऑरिनने खिशात हात घातला. किल्ल्यांच्या जुडग्याला पितळेचा एक बिल्ला होता, कंपनीने निवृत्तीच्या दिवशी दिलेला. तो त्याने अंगठ्याने एकदा चाचपला. त्याच्यावरचं नाव झिजलेलं असलं तरी बोटाला नीट लागत होतं. मग त्याने जुडगा बाहेर काढून पुढे धरला आणि वाट बघत राहिला. कोणी घेईना. त्याला वाटलं, मर्ल रागाने मागे सरला असेल, का निघूनच गेला असेल.

"मर्ल?" तो म्हणाला. "घे ना."

"मी कधीचा हात पुढे केलाय रे," मर्ल म्हणाला. "तुझ्या अगदी समोर."